पंख्याचं तोंड कुणीकडे?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. दुकानाचं शटर वर केलं की ते येतात, आणि संध्याकाळी शटर खाली करताना बघावं तर कोपऱ्यात दोन-चार साचलेले असतात. डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडच्या आतल्या एका गल्लीत आमचं कॉम्प्युटर जोडणीचं आणि दुरुस्तीचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझं आणि माझ्या नवऱ्याचं, मिलिंदचं. स्क्रू-ड्रायव्हर त्याच्याकडे, काउंटर आणि तोंड माझ्याकडे! परवा भिशीत यातले काही किस्से सांगितले तर एक मैत्रीण म्हणाली, "अगं, दुकान चालवता की हास्यक्लब?" मी म्हटलं, "दोन्ही. पण हास्यक्लबला गिऱ्हाईक जास्त."

आधी एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट लागेल. गेल्या हिवाळ्यात मिलिंदला दम लागायला लागला. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबून तो भिंतीवरची पाटी वाचायचा. तीच पाटी, रोज! शेवटी त्याला ओढतच ठाण्याला छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. बाई फार हुशार, आणि तेवढ्याच कडक. त्यांनी त्याला कॉम्प्युटरला जोडलेल्या एका नळीत जोरात फुंकायला लावलं, स्क्रीनवर उमटलेली रेघ बघितली आणि विचारलं, "काम काय करता?"

"कॉम्प्युटर दुरुस्ती. साफसफाई."

"धूळ कशाने काढता?"

"ब्लोअरने."

"मास्क लावून?"

मिलिंदने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे बघा, इतकी वर्षं तुम्ही लोकांच्या मशीनमधली धूळ काढून स्वतःच्या छातीत भरलीय. आजपासून ब्लोअर बंद. दिवाळी झाली की पुन्हा या. तेव्हाही फुंकर अशीच निघाली, तर हा धंदा सोडायचा. मग मला कारणं सांगायची नाहीत."

परत येताना रिक्षात तो डॉक्टरांचा कागद उलटसुलट करत होता. मग म्हणाला, "मला दुसरं काही येत नाही गं." एरवी मी बोलायची थांबत नाही, तो दिवस तेवढा अपवाद.

घरी येऊन चहा पिता पिता मात्र त्याचा चेहरा बदलला. "धूळ काढायची नाही ना? मग येऊच द्यायची नाही!" त्या दिवसापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येक मशीनला त्याचा पहिला प्रश्न एकच: पंख्याचं तोंड कुणीकडे?

*

आता ब्लोअर कुणीतरी मारायला हवाच. तो माझ्याकडे आला. मास्क, गॉगल, डोक्याला ओढणी, अशा अवतारात मी उघडी मशीनं घेऊन बिल्डिंगच्या गच्चीवर जायची, आणि मिलिंद खाली दुकानात बसून व्हिडिओ कॉलवर सूचना द्यायचा. "कोपरा राहिला. अगं, उजवा. तुझा उजवा नाही, मशीनचा उजवा!"

एप्रिलमधली गोष्ट. मी जोरात ब्लोअर मारला. वाऱ्याची दिशा बघायचं मला काय भान! दुसऱ्या मजल्यावरच्या लिमये काकूंनी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पांढऱ्याशुभ्र कुरडया वाळत घातल्या होत्या. हां हां म्हणता त्या नाचणीच्या झाल्या.

काकू वर आल्या. शाळेत शिवण शिकवून निवृत्त झालेल्या बाई, आवाज अजून वर्गातलाच. मला म्हणाल्या, "हे काय आहे?" मी रडकुंडीला येऊन सगळं सांगितलं. मिलिंदची छाती, डॉक्टर, दिवाळीची मुदत, सगळं. फोनवर मिलिंद अजून चालूच होता, "झालं का? मागची जाळी झाली का?"

काकूंनी माझ्या हातातून फोन घेतला. स्क्रीनवर मिलिंदला नीट बघितलं आणि म्हणाल्या, "मिलिंद, तुमच्या छातीत जाणार होती ती धूळ माझ्या कुरडयांनी घेतली आहे. त्यांचे आभार माना."

मिलिंदने खरंच हात जोडले.

*

काकूंशी अशी ओळख झाली. आठवडाभरात त्या स्वतःच दुकानात आल्या. "आमच्या ह्यांचा कॉम्प्युटर गरम होऊन बंद पडतो. आणि तुम्ही म्हणता तशी धूळ त्यात जाणं शक्यच नाही. मी काळजी घेते."

काळजी कशी, ते बघायला आम्ही वर गेलो. ज्या डब्याला सगळी दुनिया सीपीयू म्हणते आणि आम्ही कॅबिनेट, त्याला काकूंनी अंगरखा शिवला होता. जाड कापड, कडेला लेस, समोर भरतकाम केलेला मोर. मशीन चालू, आणि अंगरखा अंगावर! फक्त बटण दाबायला मोराच्या पायाशी एक काज ठेवलेलं. काका कौतुकाने म्हणाले, "हिवाळ्यात ठीक चालतो हो. उन्हाळ्यात जरा चिडतो."

मला वाटलं, आता मिलिंद भाषण देणार. पण तो मोरावरून हात फिरवत म्हणाला, "काकू, इतकं सुंदर शिवणारा हात मी शोधतच होतो. याला अंगरखा नको, पदर हवा. समोरून गार हवा आत जाते तिथे एक पातळ कापड, की हवा जाईल पण धूळ थांबेल. मागून गरम हवा बाहेर पडते, तिथे मात्र काही नको."

काकूंनी ट्रंक उघडली. ऑर्गंडी काढली, मग मच्छरदाणीचं कापड, मग तिसरंच काहीतरी. प्रत्येक तुकडा ओठांसमोर धरून त्यातून फुंकर मारून बघायच्या. दुपारपर्यंत पहिली जाळी तयार झाली, कडेला चुंबकपट्टी शिवलेली, लावायची आणि काढून नळाखाली धुवायची. आता आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक मशीनला काकूंची जाळी असते. आणि कितीही सांगितलं तरी त्या कोपऱ्यात एक एवढासा मोर काढतातच.

एका गिऱ्हाईकाने मला विचारलं, "ही कुठली कंपनी?" मी म्हटलं, "इम्पोर्टेड आहे. दुसऱ्या मजल्यावरून!"

*

सुरुवातीला मिलिंद हवेची दिशा उदबत्तीने तपासायचा. मशीन चालू करायचं, पेटलेली उदबत्ती समोर धरायची. धूर आत ओढला गेला तर पंखा बरोबर. मग ती मागे न्यायची. धूर लांब ढकलला गेला तर मागचाही बरोबर. सोपी पद्धत, फक्त बघणाऱ्याला वाटायचं की हा मशीनला ओवाळतोय.

कळव्याच्या एक आजी नातवाचा कॉम्प्युटर घेऊन आलेल्या. मिलिंदने उदबत्ती फिरवायला सुरुवात केली तशा त्या उठून उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. मी हळूच सांगितलं, "आजी, पूजा नाही, टेस्टिंग चाललंय." आजी म्हणाल्या, "असू दे गं. देवाला काय, कशानेही चालतं."

मग हे डॉक्टरांना फोनवर कळलं आणि त्यांनी धूरही बंद केला. दुकानात उदबत्ती नाही म्हणजे नाही. तिच्या जागी मिलिंदने पतंगाच्या कागदाची बारीक पट्टी आणली. पट्टी आत ओढली गेली की आत, बाहेर फडफडली की बाहेर. काही दिवसांनी त्याच आजी तेच मशीन घेऊन परत आल्या. मिलिंदने कागदाची पट्टी धरली. आजींनी बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पूजा बंद केलीत होय? तरीच म्हटलं, परत कसा बिघडला!"

बिघडायचं खरं कारण निराळंच होतं. वरच्या जाळीत पांढरे केस अडकलेले. मिलिंदने विचारलं, "घरी मांजर आहे का?"

"आहे ना. मनी."

"ती या डब्यावर झोपते?"

"तिची जागाच ती. ऊबदार असतं ना. तिला उठवायचं म्हणजे पाप वाटतं."

म्हणजे वरून गरम हवा बाहेर पडणार, आणि नेमकं तिथेच मनीचं पोट. आजींना मांजर हलवा म्हणणं शक्यच नव्हतं. मिलिंदने त्यांच्या घरी जाऊन सगळीकडे हात लावून बघितला आणि टीव्हीखालचा सेट-टॉप बॉक्स तसाच ऊबदार लागल्यावर त्यावर एक छोटी उशी ठेवून दिली. मनीने तासाभरात घर बदललं.

महिन्याने आजींचा फोन. "कॉम्प्युटर झकास चाललाय हो. देव तुमचं भलं करो. फक्त आता टीव्ही बंद पडलाय."

*

अथर्व कल्याणचा. इंजिनिअरिंगला आहे, गेमिंगचं वेड. स्वतः जोडलेलं मशीन दोन्ही हातांनी उचलून आणलं, बाळाला आणावं तसं. बाजूला काच, आत पंखेच पंखे, आणि प्रत्येकात रंगीत दिवे. चालू केलं तर आमच्या दुकानात गणपतीचं डेकोरेशन उभं राहिलं.

"काका, दिसतो भारी ना? पण अर्ध्या तासात तापतो. आणि धूळ तर एवढी खातो, काय सांगू!"

मिलिंदने कागदाची पट्टी समोर धरली. बाहेर उडाली. वर धरली, बाहेर. मागे धरली, तिथेही बाहेर.

"सगळे पंखे बाहेर फेकतायत रे. असं का लावलंस?"

अथर्व जरा लाजला. "काका, पंख्याची एक बाजू चांगली दिसते आणि दुसऱ्या बाजूला काड्या, स्टिकर. चांगली बाजू काचेतून दिसायला पाहिजे ना! म्हणून सगळ्यांची तोंडं आत केली."

"आणि आत हवा येणार कुठून?"

"येत असेल ना... कुठून तरी."

"येते. प्रत्येक भोकातून, प्रत्येक फटीतून, धूळ घेऊन येते! अरे, लग्नाच्या फोटोत सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे तोंड केलं तर छान दिसतं. पण वाढायला कुणीतरी पाठ करून जायला पाहिजे ना!"

मग मिलिंदने त्याला समोर बसवून शिकवलं. समोरचे आणि खालचे पंखे हवा आत घेणारे, त्यांच्यावर जाळी. मागचा आणि वरचा एक बाहेर फेकणारा. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्या हवेपेक्षा थोडी जास्त ठेवायची, म्हणजे फटींतून हवा बाहेरच ढकलली जाते आणि धुळीला चोरवाटच राहत नाही. अथर्वने समोरचे पंखे उलटे केले खरे, पण त्याचा चेहरा पाहवेना. आता त्या पंख्यांची सुंदर बाजू पुढे, भिंतीकडे तोंड करून, आणि काचेतून दिसतात त्या नुसत्या काड्या.

दोन दिवसांनी त्याच्या आईचा फोन. मला वाटलं, तक्रार. त्या म्हणाल्या, "खोली गार झाली, आवाज बंद झाला, तुमच्या मिस्टरांना थँक्यू सांगा. फक्त एक विचारायचं होतं. माझ्या ड्रेसिंग टेबलाचा आरसा काढून त्याने कॉम्प्युटरच्या समोर लावलाय. ते तुम्हीच सांगितलंत का?"

*

आता जरा आमच्याच घरचं. सगळ्यांच्या पंख्यांची तोंडं बघत फिरणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या दुकानात काय होतं, ते ऐका!

मे महिना. लिमये काकू जाळ्या द्यायला आल्या आणि मिलिंदच्या टेबलापाशी थबकल्या. नाक वर करून दोनदा वास घेतला. "मिलिंद, तुमच्या इथे ज्वारीचा वास येतो."

"मागच्या गल्लीत पिठाची गिरणी आहे ना काकू."

"ते मला माहीत आहे. मी तिथेच दळते. पण गिरणीचा वास रस्त्यावर येत नाही, जिन्यात येत नाही. तुमच्या टेबलावरच का येतो?"

मिलिंदच्या डोक्यावर मागच्या भिंतीत एक एक्झॉस्ट फॅन होता. दुकान घेतलं तेव्हा एका इलेक्ट्रिशियनने बसवलेला. काकूंनी स्टूल मागितलं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही नका चढू." त्या चढल्याच. पर्समधून हातरुमाल काढून पंख्यासमोर धरला.

रुमाल दुकानाच्या आत फडफडला. ध्वजासारखा.

इतकी वर्षं तो पंखा उलटा फिरत होता. बाहेर काही टाकत नव्हता, उलट गिरणीचं पीठ आणि गल्लीतली सगळी धूळ घेऊन थेट मिलिंदच्या डोक्यावर सोडत होता! आणि हा खाली बसून अथर्वला शिकवत होता, हवा येते कुठून म्हणून.

मला हसू फुटलं. आवरेनाच. मिलिंदही हसायला लागला, हसता हसता खोकला, आणि खोकता खोकता म्हणाला, "बरोबर आहे. माझ्या फुफ्फुसाच्या चपात्या होतील एवढं पीठ असेल आत." मग मात्र माझं हसू गेलं. मी मागे जाऊन पंख्याचं बटण बंद केलं.

*

पुढचं जे झालं ते ऐकताना मात्र हसू नका.

ही गोष्ट काकूंनी जाळी घ्यायला आलेल्या अथर्वला सांगितली, आणि अथर्वने सांगितली आमच्या दुसऱ्या एका गिऱ्हाईकाला, पाटील शेठना. पाटील शेठ मूळ कोलशेतचे, आगरी गडी. वागळे इस्टेटमध्ये त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. त्यांचं मशीन पूर्वी ग्राइंडरच्या शेजारी जमिनीवर असायचं आणि लोखंडाचा भुगा ओढून घ्यायचं. मिलिंदने ते उचलून उंच फळीवर ठेवायला लावलं तेव्हापासून ते मिलिंदला फार मानतात.

एका रविवारी सकाळी दुकानासमोर टेम्पो थांबला. त्यातून पाटील शेठ उतरले, मागे दोन कामगार आणि पत्र्याची मोठी चौकट.

"शेठ, हे काय?"

"काय म्हंजे? तुजा दुकान म्हंजे एक मोटा कॅबिनेटच हाय ना? पुडशी हवा आत, मागशी हवा भाईर. अथर्वनी मना कागदावर काडून दाखवला. चल, बाजूला हो."

मिलिंद म्हणाला, "शेठ, आधी सांगायचं ना. खर्च किती..."

"गप र! दम लागतो तुला, जास्ती बोलू नको."

दिवसभर काम चाललं. पुढे, दाराच्या वर, हवा आत घेणारे दोन पंखे चौकटीत बसले. त्यावर काकूंची जाळी, बेडशीटएवढी, शिवायला त्यांना आठवडा लागला असणार पण त्या कबूल करत नाहीत. मागचा पंखा सुलटा झाला आणि त्याला पत्र्याचं धुराडं लागलं, गिरणीच्या छपराच्या वर तोंड काढणारं. मिलिंदचं टेबल अशा जागी सरकलं की ताजी हवा आधी त्याच्या तोंडावरून जाणार आणि मग मशीनकडे. अथर्व स्टुलावर चढून सगळीकडे कागदाची पट्टी धरत होता. मिलिंदला कुणी कशाला हात लावू दिला नाही. तो बाहेर पायरीवर बसून होता, आणि मी त्याच्या शेजारी.

तो म्हणाला, "मी या लोकांचं असं काय केलं गं?"

मी म्हटलं, "काही नाही. पंख्यांची तोंडं बघितलीस." आणि मग आम्ही दोघंही रस्त्याकडे बघत राहिलो, कारण एकमेकांकडे बघितलं असतं तर पंचाईत झाली असती. माणसाला नशिबाने काय काय मिळतं याची मी कधी मोजदाद करत नाही, पण त्या रविवारी मला वाटलं की आमच्याइतकी श्रीमंत माणसं डोंबिवलीत नसतील.

संध्याकाळी शेठनी कमरेवर हात ठेवून दुकान न्याहाळलं. त्यांच्या एका कामगाराने विचारलं, "शेठ, जाळीवर हे काय?" वरच्या कोपऱ्यात हातभर मोर होता. पिसारा फुलवलेला.

*

शेठची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. दसऱ्याला त्यांच्या वर्कशॉपमध्ये सगळ्या मशीनची पूजा असते. लेथ, ग्राइंडर, ड्रिल, आणि फळीवरचा कॉम्प्युटर. तोही चालू! शेठचं म्हणणं, "बंद मशीनला काय पूजाचा? देवाला बी कललं पायजे, आमी कामावर हावं."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन आले. "मिलिंद, याला ताप आलाय."

मिलिंदने समोरची जाळी काढली. अर्धी पिवळी, अर्धी लाल, मध्ये तांदूळ चिकटलेले आणि झेंडूची एक पाकळी. हळद-कुंकू वाहायला शेठनी चिमूट पुढे नेली आणि समोरच्या पंख्याने ती हातातूनच ओढून घेतली होती. जाळी चोंदली म्हणून मशीन तापलं. आत मात्र कण नाही, एकदम स्वच्छ. मिलिंद खूश. काकूंना हाक मारून दाखवलं.

शेठ म्हणाले, "म्हंजे देवाचा प्रसाद बी आत जात नाय? मग पूजा कराची कशी?"

मिलिंद म्हणाला, "शेठ, समोर नको. बाजूने करा." तेवढ्यात फोन वाजला म्हणून तो वळला, आणि शेठनी काय ऐकलं देव जाणे.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी शेठचा फोटो आला. पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि टोपीपासून पोटापर्यंत पिवळे धम्मक. हळदीला बसलेल्या नवरदेवासारखे. खाली आवाजी मेसेज होता: "मिलिंद, आज मागल्या बाजून पूजा केली. मशीननी सगली हलद परत दिली र!"

*

आणि दिवाळी झाली.

डॉक्टरांकडे जायच्या दिवशी मिलिंदने इस्त्रीचा शर्ट घातला. जिन्यातून उतरताना पाटी वाचली नाही, पण ते उतरताना होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही. ठाण्याला क्लिनिकमध्ये पोहोचलो तर बाहेर बरीच माणसं. आमचा नंबर आला. डॉक्टरांनी जुना कागद समोर ठेवला, नळी मिलिंदच्या हातात दिली. "पूर्ण श्वास घ्या. आणि मी सांगेन तेव्हा जोरात, थांबायचं नाही."

मिलिंदने फुंकलं. मी डोळे मिटून घेतले होते. डोळे उघडले तर स्क्रीन काळी!

"पुन्हा बंद पडला हा कॉम्प्युटर," डॉक्टर म्हणाल्या. रिसेप्शनवरची मुलगी आत आली, म्हणाली, "मॅडम, उन्हाळ्यापासून असंच करतोय. थोडा वेळ झोपू दिला की उठतो." पुन्हा चालू केला. मिलिंदने पुन्हा छाती भरून घेतली. फुंकलं. पुन्हा काळी.

मिलिंदचं डोकं खाली वाकलं. डॉक्टरांच्या टेबलाखाली लाकडी खण होता, त्याला दार, आणि दाराआडून बारीक घरघर येत होती. तो खुर्चीतून अर्धा उठलाच.

"हात लावायचा नाही!" डॉक्टर ओरडल्या. "तुम्ही बाहेर. आत्ताच्या आत्ता. दार लावून घ्या."

मिलिंद बाहेर गेला. माझ्या पर्समध्ये स्क्रू-ड्रायव्हर आणि ब्रश असतात, तशी सवयच झालीय आता. मी मास्क लावला. डॉक्टरांनीही लावला, आणि मोबाइलचा टॉर्च धरून त्या माझ्या शेजारी जमिनीवर बसल्या. खणाचं दार उघडलं तर भट्टीसमोर बसल्यासारखं वाटलं. "धूळ जाऊ नये म्हणून दार लावून ठेवतो," त्या जरा हळू आवाजात म्हणाल्या. झाकण काढलं. आत काय होतं ते सांगत नाही, डॉक्टरांनी नुसतं "अरे देवा" म्हटलं आणि रिसेप्शनवरच्या मुलीला जुने पेपर आणि ओलं फडकं आणायला सांगितलं.

दाराच्या फटीतून मिलिंदचा आवाज आला. "मागचा पंखा बघ. स्टिकरची बाजू कुणीकडे आहे?"

डॉक्टरांनी टॉर्च फिरवला. "आत आहे."

"म्हणजे बाहेरची हवा आत घेतोय. पुढचा तर आत घेतच असतो. गरम हवेला दारच नाही मॅडम! मागचा काढून उलटा करा. चार स्क्रू आहेत."

स्क्रू मी काढले, पंखा डॉक्टरांनी फिरवला. बाहेर बसलेल्या एका काकांनी मिलिंदला विचारलेलं आम्हाला आत ऐकू आलं, "कोण आहे हो आत तुमचं?"

"माझी बायको," मिलिंद म्हणाला.

"काय झालंय त्यांना?"

"तिला काही नाही. ती डॉक्टरांवर उपचार करतेय."

मी कागदात धूळ बांधून दिली, खणाचं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं, मशीन खणातून बाहेर ओढलं आणि बटण दाबलं. स्क्रीन आली, आणि टिकली. आवाजही नाही. डॉक्टरांनी हात धुतले, खिडकी उघडली, खोलीतली हवा बदलेपर्यंत थांबल्या आणि मगच मिलिंदला आत घेतलं.

"पूर्ण श्वास. आणि जोरात."

त्याने फुंकलं. फुंकतच राहिला. मी या वेळी डोळे मिटले नाहीत. रेघ वर गेली, आणि जातच राहिली. डॉक्टरांनी जुना कागद स्क्रीनच्या शेजारी धरला. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी मिलिंदच्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरांनी स्क्रीनवरची नजर न काढताच विचारलं, "तुमचं दुकान रविवारी उघडं असतं का? घरचाही एक कॉम्प्युटर आणायचाय."